केशरचे केस आणि पुण्याचा उन्हाळा

एप्रिलमधली संध्याकाळ. सात वाजून गेले होते तरी जिन्याचा लोखंडी कठडा हाताला गरम लागत होता. केशरला फिरवून आणलं आणि लिफ्टची वाट बघत उभी होते, तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू दारात आल्या. काकूंना कुत्र्यांची फारशी ओढ नाही. त्यांच्या घरात कधी मांजरसुद्धा नव्हतं. पण त्या दिवशी त्यांनी वाकून केशरच्या मानेच्या केसांत हात घातला, बोटं पार आत रुतली, आणि हात झटकन मागे घेत त्या म्हणाल्या, "अगं, केवढं हे पांघरूण! आपल्याला अंगावर सुती गाऊन नकोसा होतो आणि ही बिचारी हे घेऊन फिरते. काढून टाक की सगळे केस. मुकं जनावर, सांगणार कुणाला?" मी काहीतरी पुटपुटले, लिफ्ट आली, आम्ही वर गेलो. केशर घटाघटा पाणी प्यायली, बाल्कनीच्या उंबऱ्याशी आडवी झाली आणि घोरायला लागली. मला मात्र ते "सांगणार कुणाला" रात्रभर पुरलं.

केशर गोल्डन रिट्रीव्हर आहे. तिची आधीची माणसं परदेशी गेली तेव्हा ती आमच्याकडे आली, पूर्ण वाढलेली, स्वतःच्या सवयी घेऊन. तिचे केस कापावेत का, हा प्रश्न आमच्या घरात दर उन्हाळ्यात निघतो. कोणी पाहुणा काढतो, कधी दूधवाला, कधी सोसायटीचा वॉचमन. त्यांना मी उत्तर देते आणि विसरते. काकूंना मात्र उत्तर देता आलं नाही, कारण त्यांच्या बोलण्यात सल्ला कमी आणि कळवळा जास्त होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी केशर खिडकीतल्या उन्हात पसरली होती, तेव्हा मी शेजारी बसून तिच्या पाठीवरचे केस हळूहळू विलग करून पाहिले. वरचे केस लांब, राठ, किंचित तेलकट. पाणी पडलं तर ओघळून जावं असे. ते बाजूला सारले की खाली फिकट, बारीक, दाट लव. त्या लवेवर फुंकर मारली की ती दुभंगते आणि तळाशी गुलाबी कातडी दिसते. उन्हातल्या वरच्या केसांवर तळहात ठेवला तर तो चांगलाच तापला. बोट आत कातडीपर्यंत नेलं तेव्हा तिथे नुसती अंगाची ऊब होती. वरच्या तापाचा तिथे मागमूस नव्हता. दोन बोटांच्या अंतरात इतका फरक! केशर मधूनच मान वळवून माझ्याकडे बघत होती, ही बाई आज नक्की काय शोधतेय अशा नजरेने.

आपल्याला उकडतं तेव्हा अंगभर घाम येतो, त्यावर वारा लागला की बरं वाटतं. म्हणून अंगावरचं कमी केलं की सुटल्यासारखं होतं. कुत्र्याच्या अंगाला असा घाम येत नाही. त्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना. डॉक्टरांच्या स्टीलच्या टेबलावर केशरला उभं केलं की भीतीनं तिच्या चारही पंजांचे ओले ठसे उमटतात, इंजेक्शन होईपर्यंत ते वाळतसुद्धा नाहीत. पण तेवढ्याशा घामानं अंग कितीसं निवणार? उष्णता बाहेर टाकायचं खरं काम जीभ, तोंड आणि श्वासाची वाट करते. केशर धापा टाकते तेव्हा तिथला ओलावा उडून जातो आणि रक्त निवतं. कुत्र्याच्या अंगाचं तापमान मुळातच 38 ते 39 अंशांच्या आसपास असतं. पुण्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा बाहेरची हवाच त्याच्या अंगापेक्षा गरम असते, वर ऊन वेगळं. अशा वेळी तो केसांचा थर बाहेरचा ताप आत येऊ देत नाही. मेच्या दुपारी जंगली महाराज रस्त्यावरून स्कूटरवर जाणाऱ्या बायका आठवा. डोक्याला-तोंडाला घट्ट गुंडाळलेला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, कोपरापर्यंत मोजे, अंगात सनकोट. त्यांना कोणी म्हणत नाही, की बाई गं, एवढं उकडतंय तर ते सगळं काढून टाक.

पण पुरती खरी गोष्ट सांगायची तर केस दुधारी असतात. बाहेरचा ताप ते अडवतात, तसा आतला तापही धरून ठेवतात. कुत्रा पळाला, खेळला, घाबरून धापा टाकायला लागला की उष्णता त्याच्या स्नायूंत तयार होते आणि तिला बाहेर पडायला वाट कमी. म्हणून केसाळ कुत्र्याला उन्हात पळवणं धोक्याचं, आणि म्हणूनच काकूंच्या म्हणण्यात तथ्यच नाही असं मी म्हणणार नाही. गुंता सोडवलेला, मोकळा, स्वच्छ केसांचा थर असेल तर त्यातून हवा खेळते. गळलेली लव आतच अडकून तिचे गठ्ठे झाले की तोच थर जड आणि कोंदट होतो.

माझं आजोळ नारायण पेठेतल्या वाड्यातलं. मामानं तिथे एक पांढराशुभ्र, झुबकेदार कुत्रा पाळला होता. आज जाणकार त्याला इंडियन स्पिट्झ म्हणतील. त्या काळी पुण्यात असा कुत्रा म्हणजे पामेरियनच. नाव मात्र मोती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे असायचे आणि मोतीचा दिनक्रम मला पाठ झाला होता. सकाळी तो ओसरीवर, ऊन चढलं की जिन्याखाली, आणि दुपारी थेट मोरीत. मोरीला शहाबादी फरशी, कोपऱ्यात तांब्याचा बंब आणि पाण्याचं पिंप. पिंपाच्या बुडाशी कायम ओल असे. मोती त्या ओलीत पोट टेकून, मागचे पाय ताणून पडायचा. आजी भांडी घासायला आली की त्याच्यावर करवादायची. "हा मेला नेमका इथेच!" पण तिनं त्याला कधी उठवलं नाही. त्याच्या भोवतीनं बसून ती पातेली घासायची, राखेचे शिंतोडे त्याच्या पाठीवर उडायचे, आणि तो डोळाही उघडायचा नाही. राखेचा, ओल्या दगडाचा आणि कुत्र्याच्या अंगाचा मिळून तिथे जो वास यायचा तो मला अजून आठवतो.

मोतीचे केस कोणी कधी कापले नाहीत. मामा रविवारी त्याला अंगणात घेऊन बसायचा आणि लोखंडी कंगव्यानं पाठीपासून शेपटीपर्यंत विंचरायचा. कंगव्यातून निघालेली लव तो तुळशीच्या कट्ट्यावर टाकायचा आणि चिमण्या येऊन ती चोचीत धरून न्यायच्या. आता कळतं, की मोतीला ठाऊक होतं ते शिकायला मला बरीच वर्षं लागली. कुत्र्याच्या पोटाखाली आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला केस विरळ असतात. गार फरशीला तीच बाजू लावली की अंगातला ताप दगडात उतरतो. त्या वाड्यात एका वेळी चार प्रकारच्या हवा असायच्या, माडीवरची, ओसरीवरची, जिन्याखालची, मोरीतली, आणि मोती आपली आपण निवडायचा. आमच्या फ्लॅटमध्ये सगळीकडे सारखीच हवा. चकचकीत टाइल्स, आणि पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत तापलेली.

केस तेच. घर बदललं.

ग्रूमिंगला येणारा मुलगा व्हॅन घेऊन येतो. आत टब, ब्लोअर, मशीनचे ब्लेड, आणि ओल्या कुत्र्याचा दरवळ. तो सांगतो, "ताई, एप्रिल लागला की फोन एकच. झिरो मारून द्या." हस्की, स्पिट्झ, गोल्डन, सगळ्यांना झिरो. मी त्याला विचारलं, तू समजावत नाहीस का? म्हणाला, "समजावतो. पण मी नाही म्हटलं तर ते दुसऱ्याला बोलावतात. मग मी थोडे मोठे ठेवून कापतो, आणि गिऱ्हाइकाला सांगतो, मशीन एवढंच जातं." त्याच्या पोटाचा प्रश्न आहे आणि तरीही त्यातून तो कुत्र्यासाठी अर्धा इंच वाचवतो, हे मला फार मोठं वाटलं. केशरचे केस तो कापत नाही. आधी लांब दातांच्या रेकनं आतली गळलेली लव ओढून काढतो, मग अंघोळ, मग ब्लोअर. ब्लोअर सुरू झाला की व्हॅनभर पिवळट लव तरंगते, त्याच्या भुवयांवर बसते, माझ्या तोंडात जाते. शेवटी त्यानं सगळं झाडून गोळा केलं तेव्हा मोठं सूप भरून वर शीग आली. बाहेरून पाहिलं तर केशर होती तशीच, पण हात घातला तर बोटं आता अडखळत नव्हती, सरळ कातडीला लागत होती. पोटाखालचे आणि पंजांच्या गाद्यांमधले केस मात्र तो बारीक करतो. फरशीचा गारवा लागतो तो तिथेच.

मशीन फिरवलं की राठ केस आणि लव एकाच उंचीवर येतात. लव भराभर वाढते, राठ केसांना वेळ लागतो, त्यामुळे परत येणारा थर बऱ्याचदा लोकरीसारखा होतो. त्यात पाणी मुरतं, काटे-कुसळं अडकतात, उन्हाला तो पहिल्यासारखा अडवत नाही. त्यातून कुत्र्याची कातडी माणसाच्या कातडीपेक्षा पातळ. गुलाबी कातडीचा कुत्रा उघडा केला तर ती उन्हानं भाजते. आणि कधीकधी केस येतच नाहीत. आमच्या शेजारच्या इमारतीत एक स्पिट्झ आहे. त्याचा झिरो कट झाला त्यालाही आता वर्ष उलटून गेलं. डोकं आणि पाय भरून आले, पाठीवर मात्र काळपट ठिगळं राहिली. डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी करायला सांगितली, कारण कापलेले केस परत न येण्यामागे कधी हार्मोनचं दुखणं लपलेलं असतं आणि कधी काहीच कारण सापडत नाही. त्या घरातल्या आजी आता त्याला सुती बनियन घालून फिरवतात. आधी केस काढले आणि आता कपडा घालावा लागतो, हे बघून मला वाईट वाटतं. त्यांनी ते त्याच्या बऱ्यासाठीच केलं होतं.

काकू फलटणकडच्या. पुढच्या वेळी भेटल्या तेव्हा त्यांनी अगदी चोख मुद्दा काढला. "आमच्याकडे धनगर मेंढरांची लोकर कातरतातच की. मेंढरं मरतात का?" मला हा प्रश्न आवडला, कारण त्याच्या मागे डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मेंढीची लोकर वाढतच राहते. माणसानं शेकडो पिढ्या निवडून निवडून ती तशी केली आहे. कातरली नाही तर तिच्या ओझ्यानं मेंढीलाच त्रास. केशरच्या केसांचं तसं नाही. ते ठरावीक लांबीपर्यंत वाढतात, थांबतात, गळतात आणि नवे येतात. होळीच्या सुमारास आमच्या घरात रोज केर काढून हात दुखतात, ते याचंच. हिवाळ्याची जड लव ती आपली आपण उतरवत असते. ती उतरवायला तिला मदत करायची एवढंच आपल्या हातात. शी त्झू, ल्हासा, पूडल यांचे केस मेंढीसारखे वाढत राहतात. त्यांचे कापावेच लागतात, फक्त कातडीपर्यंत न जाता इंचभर ठेवावेत. आणि ज्या कुत्र्याच्या अंगावर केसांच्या गाठी होऊन खाली कातडी चिघळली आहे, गोचिडांनी घर केलं आहे, त्याला मशीन म्हणजे सुटकाच. डॉक्टरांनी सांगितलं तर मीही केशरचे केस एका शब्दानं काढीन.

या सगळ्यात मला ज्याची भीती वाटते ते वेगळंच आहे. मागच्या मेमध्ये सकाळचे अकरा वाजले असतील, मी कर्वे रस्त्यावरून येत होते. एक तरुण मुलगा हस्कीला घेऊन भर उन्हात चालला होता. हस्की पूर्ण झिरो केलेला, शेपटीच्या टोकाला तेवढा एक झुबका ठेवलेला. जीभ पार बाहेर, टोकाला रुंद झालेली, कडा वर वळलेल्या, आणि लाळ पातळ न राहता चिकट, तारेसारखी लोंबत होती. मी थांबून म्हटलं, त्याला त्रास होतोय. मुलगा चांगला होता, उद्धट अजिबात नव्हता. म्हणाला, "नाही मॅम, केस काढलेत ना, आता त्याला गरम होत नाही. आधी मी या वेळेला आणतच नव्हतो." आधी आणत नव्हता! केस होते तोवर त्याच्या मनात भीती होती, तो जिभेकडे बघत होता, घड्याळ बघत होता. मशीन फिरलं आणि काळजी संपली. मी त्याला हाताची मागची बाजू डांबरावर टेकवून सातपर्यंत मोजायला सांगितलं. त्यानं टेकवला आणि तिसऱ्या आकड्याला उचलला. मग एक शब्दही न बोलता तो कुत्र्याला घेऊन समोरच्या दुकानाच्या सावलीत गेला, दुकानदाराकडून पाण्याची बाटली घेऊन आधी त्याचे पंजे, मग पोट भिजवलं. धाप कमी होईपर्यंत मी तिथेच उभी होते.

केस कापण्यात एक समाधान आहे, ते आपलं आहे. डोळ्यांना दिसतं, की काहीतरी केलं. बाकीच्या गोष्टी दिसत नाहीत आणि रोज कराव्या लागतात. सकाळी सहाच्या आत फिरवून आणायचं, मग टेकडीवर जायची कितीही हौस असो. संध्याकाळी रस्ता निवेपर्यंत थांबायचं. पाणी तीन ठिकाणी ठेवायचं आणि दर थोड्या वेळानं बदलायचं. पंखा लावून दिला की आपलं कर्तव्य झालं असं वाटतं, पण पंखा आपल्याला बरा वाटतो तो घामामुळे. कोरड्या केसांवर त्याचा फारसा उपयोग नाही. पोट, पंजे, काखा ओल्या केल्या आणि मग पंखा लावला तर फरक पडतो. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवला तर तो थोड्याच वेळात गरम होतो आणि आतली उष्णता कोंडतो.

पुण्याच्या उन्हाळ्याची एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. एप्रिलमधली कोरडी, करपवणारी दुपार केशर त्या मानानं निभावून नेते, कारण हवा कोरडी असली की जिभेवरचा ओलावा पटकन उडतो. तिचे हाल होतात ते मेच्या शेवटी, वळवाच्या आधी, आकाश भरून येतं आणि हवा गदगदते तेव्हा. पारा चार अंशांनी उतरलेला असतो, आपण म्हणतो आज जरा बरं आहे, आणि ती मात्र धापा टाकत असते, कारण ओलावा उडायला हवेत जागाच नसते. कूलरही तेव्हा हात टेकतो. त्या दिवसांत मी तिच्या हिरड्या बघते. नेहमीच्या फिकट गुलाबी हिरड्या गडद लाल दिसल्या, चाल डळमळली, उलटी झाली तर घरातच गार पाणी ओतायला सुरुवात करायची आणि ओततच डॉक्टरांकडे न्यायचं. अंगाचा ताप 41 अंशांच्या वर गेला की आतडी, मूत्रपिंडं, मेंदू सगळ्यालाच इजा होते, आणि ती मिनिटांत होते. पग, बुलडॉग, शी त्झू अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तर धापही नीट टाकता येत नाही. त्यातल्या पग आणि बुलडॉगचे केस मुळातच आखूड, आणि तरी उष्माघातात ते पुढे असतात.

हे सगळं मी काकूंना सांगितलं, तुकड्या-तुकड्यांत, जसं जिन्यात भेटणं होईल तसं. त्यांना पूर्ण पटलेलं नाही. "बरं, तू म्हणतेस तर," म्हणतात, आणि केशरच्या पाठीवरून हात फिरवताना अजून चुकचुकतात. पण त्यांनी पार्किंगच्या कोपऱ्यात, नळाजवळ, मातीचं एक मोठं परळ ठेवलंय. रोज सकाळी त्या ते घासून भरतात. गल्लीतली दोन गावठी कुत्री, कावळे, एक खार, सगळे तिथे पाणी पितात. कुत्र्यांच्या नावानं सोसायटीच्या मीटिंगमध्ये जे बोललं जातं ते ऐकलेल्या माणसाला या परळाचं मोल कळेल. केसांबद्दल काकूंचं चुकत असेल, पण त्यांच्यासारखं वाकून हात लावणारी माणसं मला हवी आहेत.

ती गावठी कुत्री दुपारी समोरच्या बांधकामावरच्या ओल्या वाळूत खड्डा करून बसतात. आखूड केस, हलकं अंग, लांब नाक, उभे कान. याच हवेत घडलेली जनावरं. त्यांना बघितलं की वाटतं, केस काढायचे की ठेवायचे या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न होता आणि तो आपण विचारलाच नाही. हस्की सायबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फात गाडी ओढण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासला. त्याला आपण वाकडच्या अकराव्या मजल्यावर आणतो आणि मग त्याच्या अंगावर जास्त काय आहे ते शोधतो. केशरसारख्या, इथे येऊन पडलेल्या जिवांना सांभाळलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. नवे आणण्याबद्दल मात्र माझं मत दरवर्षी कडक होत चाललंय.

आमच्या वरच्या मजल्यावर एक जोडपं राहायला आलंय. दोघंही आयटीत, दोघंही मनानं मोकळे, केशरला बघून तिथेच फतकल मारणारे. परवा त्यांनी मला फोनवर एका हस्कीच्या पिल्लाचा फोटो दाखवला, निळे डोळे, राखाडी लव, आणि विचारलं, "ताई, याचे केस उन्हाळ्यात कापायचे की नाही?" मी म्हटलं, "नाही कापायचे. पण आधी मला सांगा, मेमध्ये दुपारी दोन वाजता लाइट गेली तर तुमच्या घरातली सगळ्यात गार जागा कोणती?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जरा विचार करून ती म्हणाली, "बाथरूम असेल बहुतेक." मग बाथरूमचं दार दिवसभर उघडं राहायला हवं, मी म्हटलं, आणि लाइट गेलीय हे कळायला तुमच्यापैकी एकजण घरी हवा. तिनं फोन खाली ठेवला आणि नवऱ्याला विचारलं, "तुझं वर्क फ्रॉम होम जूनपर्यंत मिळेल का रे?" तो म्हणाला, "विचारावं लागेल." मी त्यांना प्राणी दत्तक देणाऱ्या एका संस्थेचा नंबर दिला आणि सांगितलं, तोवर हेही बघून या, तिथे गावठी पिल्लं असतात. शनिवारी जाणार आहेत म्हणे.